आमच्याकडे एकही मेंढी मेली नाही

३ मे १९९८

बुरुलचाचं ठरलं. काल मुलाची आई रापिया आली आणि तिच्या कानात चांदीचे डूल घालून गेली. डूल जरा हलकेच आहेत, पण मी तोंड वाकडं केलं नाही. मुलगा एरनिस ट्रक चालवतो, पीत नाही. निदान आमच्यासमोर तरी पीत नाही. लग्न सप्टेंबरात.

निघताना रापिया म्हणाली, "विहीणबाई, बाकी काही नको हो आम्हाला. रुखवतात जमिनीवर अंथरायला लोकरीचा एक नमदा तेवढा मोठा घाला. आमची खोली मोठी आहे." बाकी काही नको म्हणणाऱ्या बायका मला चांगल्या ठाऊक आहेत. खोलीच्या मापाची दोरी गाठ मारून पिशवीतून घेऊनच आली होती. पसरून पाहिली तर आमच्या घरात मावेना, दाराबाहेर गेली.

मी काम करायचे ती लायब्ररी बंद पडली तेव्हा कोऱ्या नोंदवह्या मी घरी आणल्या होत्या. नोंदायला पुस्तकं राहिली नाहीत, तर म्हटलं आपलंच लिहावं. एकुलत्या एक लेकीचं लग्न आहे, ते तरी कुठेतरी लिहिलेलं असावं.

१२ मे

सगिनबेक आज दिवसभर टेकाडामागे होता. (तोंडावर मी नवऱ्याचं नाव घेत नाही, वहीत घ्यायला काय हरकत आहे.) तिथे सामुदायिक शेतीच्या काळातलं एक कुंपण होतं. तारा लोकांनी गेल्या दोन हिवाळ्यांत नेल्या, उरलेले लोखंडी खांब त्याने आज उपटून आणले. लग्नात अंगणात मांडव घालायचा आहे.

"ही चोरी नाही का?" मी म्हटलं.

"कुणाची चोरी? ज्याचं होतं ते सरकारच राहिलं नाही."

खांबांबरोबर एक पत्र्याची पाटीही आली. रंग उडून गेलाय. शेवटी फक्त 'करू नये' एवढं वाचता येतं, काय करू नये ते गेलंय. कोंबड्यांच्या खुराड्याला दार म्हणून ती बरोबर बसली.

मी विचारलं, कुंपणाच्या आत होतं तरी काय? तर म्हणे तो स्वतः पोरगा होता तेव्हा एका उन्हाळ्यात गावची ढोरं पटापट मेली होती, ती चुना टाकून तिथे पुरलेली. "चाळीस वर्षं झाली असतील. हाडांचं खत होऊन गेलं. गवत बघ जाऊन एकदा, गुडघ्याला लागतंय. इतकी वर्षं कुंपणामागे फुकट वाळत होतं."

यंदा मेंढ्या वरच्या कुरणात पाठवायच्या तर मेंढपाळाला पैसे द्यावे लागणार. आता त्या तिथेच, घरच्या घरी चरतील, चला.

२९ मे

मेंढ्यांनी बाळसं धरलंय. सगिनबेक मिशीला पीळ देत हिंडतो. ऑगस्टात पलीकडच्या देशातला व्यापारी येईल, अर्धा कळप त्याला दिला की लग्नाचा खर्च निघेल. बुरुलचा रोज नमद्याची नक्षी काढते आणि रोज खोडते. शिंगांची नक्षी नको म्हणते, जुनाट दिसते. मी म्हटलं, बाई, तुझ्या सासूला शिंगं आहेतच, तिला ओळखीची वाटेल. दोघी हसून लोळलो.

४ जून

सकाळी तीन मेंढ्या मरून पडलेल्या. रात्री चांगल्या रवंथ करत होत्या. पोटं टम्म फुगलेली आणि नाकातून काळपट रक्त येत होतं. बराच वेळ झाला तरी ते गोठेना. सगिनबेक म्हणाला, दवाचं गवत जास्त हादडलं, पोट फुगलं, संपलं. त्याला मेंढ्यांतलं कळतं, मला नाही.

मेलेल्याचं मांस आपण खात नाही. धडं घळीत टाकायची होती. पण लोकर टाकवेना. तिन्ही पांढऱ्याशुभ्र, आणि नमद्याला पांढरी लोकरच कमी पडत होती. मेलेल्या मेंढीची लोकर कातरावीही लागत नाही, मुठीने ओढली की येते. मी आणि बुरुलचाने बसून सगळी ओढून काढली. ती म्हणाली, "आई, बिचाऱ्या माझ्या नमद्यासाठी मेल्या." असलं अभद्र बोलू नको म्हणून मी तिला रागावले.

सगिनबेकने दोघींना बजावलं, बाहेर एक शब्द नाही. दोन वर्षांपूर्वी पलीकडच्या खोऱ्यात एकाने प्रामाणिकपणे सांगितलं की जनावरं मरतायत. सरकारी माणसांनी रस्त्यावर आडवा बांबू टाकून गाव बंद केलं, त्याचा सगळा कळप गोळ्या घालून जाळला, हातात छदाम नाही. प्रामाणिकपणाचं बक्षीस.

२१ जून

आणखी दोन. त्यांचीही लोकर ठेवली. आता पुरेल.

८ जुलै

नमद्याला हात लावला. अंगणात बायकांचा नुसता बाजार भरला होता. जुन्या कातड्यावर लोकर पसरून वाळुंजाच्या काठ्यांनी झोडायची. एका बाजूला थोरली जाऊ कालिपा, दुसऱ्या बाजूला शेजारची नवी सून अनारा आणि मध्ये बुरुलचा. धूळ अशी उठली की समोरचं माणूस दिसेना.

"सैरा, ही लोकर मेंढीची का तुझ्या नवऱ्याच्या जाकिटातली?" कालिपा खोकत म्हणाली.

"जाऊबाई, झोडा गुपचूप. तुमच्या लेकीच्या वेळी मी वाळू खाल्ली होती."

"अगं, पण तुझी वाळू पचली. ही घशात बसलीय."

अनारा बिचारी लाजत काठी चालवत होती. कालिपा तिला म्हणाली, "जोरात मार, नवऱ्याचा राग काढ. अजून राग यायला लागला नाही का? येईल, येईल." बुरुलचा हसता हसता शिंकत होती. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या. मी म्हटलं, तोंडाला फडकं तरी बांध. तर म्हणे, मग गाता कसं येईल. तिचा आवाज माझ्या आईवर गेलाय. ती गात होती तेव्हा काठ्या आपोआप तालात पडायला लागल्या. आजच्याइतकी सुखी मी गेल्या कित्येक वर्षांत नव्हते, हे इथे लिहून ठेवते.

९ जुलै

बोरूच्या चटईवर लोकर अंथरली, उकळतं पाणी ओतलं, गुंडाळी करून दोरांनी आवळली आणि सकाळभर पायांनी लोटली. मग गुडघ्यांवर बसून कोपरापर्यंतच्या हातांनी दाबत लाटली. कालिपाचा हात चटईने खरचटला. म्हणाली, रुखवतात रक्तही घाला माझं. संध्याकाळी उलगडला तेव्हा मीच बघत राहिले. लाल आणि निळी नक्षी, शिंगांचीच शेवटी. रापियाच्या दोरीपेक्षा वीतभर मोठाच भरला. बसू दे तिला दुमडून घालत.

१३ जुलै

बुरुलचाला ताप. अंग मोडून आलंय, कोरडा खोकला. पाण्यात भिजून वाऱ्यात बसली, दुसरं काय होणार. मेंढीच्या शेपटीची चरबी गरम चहात घालून पाजली.

१४ जुलै

उतार नाही. छातीत दुखतं म्हणते. आर्चाच्या झाडाच्या डहाळ्यांचा धूर घरभर फिरवला. त्या दिवशी अंगणात इतक्या बायका होत्या, कुणाची नजर चांगली असेल आणि कुणाची नसेल. अनाराच्या सासूने भिंतीवरून विचारलं, आमच्या सुनेलाही कणकण आहे, तुमच्याकडे चरबी आहे का? वाटीभर दिली.

१५ जुलै

तालुक्याच्या दवाखान्यात आणलं. शेजाऱ्याची मॉस्कविच गाडी, पेट्रोल आमचं. डॉक्टरीणबाई जिल्दिझ अगदी तरुण आहेत, राजधानीतून आलेल्या. छातीला नळी लावून खूप वेळ ऐकत राहिल्या. मग आम्हाला बाहेर व्हरांड्यात बोलावलं.

"गेल्या काही दिवसांत घरात एखादं जनावर मेलं का? हिने कातडं, लोकर असलं काही हाताळलं का?"

मी तोंड उघडणार, एवढ्यात सगिनबेक म्हणाला, "नाही. आमच्याकडे एकही मेंढी मेली नाही."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "ताई?"

"नाही," मी म्हटलं. "मेंढ्या धडधाकट आहेत."

"नक्की ना? त्यावर औषध अवलंबून आहे म्हणून विचारते."

"आता आम्ही काय खोटं बोलू?" सगिनबेक म्हणाला.

त्यांनी न्यूमोनियाची औषधं सुरू केली. त्या आत गेल्यावर मी त्याला म्हटलं, सांगून टाकायला हवं होतं का? तो म्हणाला, "आज ही लिहून घेईल आणि उद्या ढोरांचे अधिकारी दारात. खोकल्याचा आणि मेंढीच्या पोटफुगीचा काय संबंध, सांग बरं मला." शहरातल्या पोरींना खेड्यात सगळीकडे ढोरंच दिसतात. पण 'त्यावर औषध अवलंबून आहे' असं म्हणाल्या ते डोक्यातून जात नाही. उद्या सकाळी पोरीचं बघून ठरवेन.

१६ जुलै

बरी आहे! ताप उतरला, सूप प्यायली, केस विंचरून द्यायला सांगितले. म्हणाली, "आई, एरनिसला कळवू नको हं, मला अशी बघेल." मी तिला म्हटलं, लग्नानंतर याहून वाईट बघणार आहे तो. हसली, पण हसताना दम लागला.

बरं झालं काल गप्प बसले. उगाच कळप गेला असता आणि लग्नही. देवा, तुझे उपकार.

१९ जुलै

सतराला पहाटे तिचा श्वास कोंडला. ओठ निळे पडले. डॉक्टरीणबाई धावत आल्या, नळ्या लावल्या. तिने माझं मनगट धरलं होतं. ऊन वर यायच्या आत गेली.

बाईंनी देह उघडून बघायची परवानगी मागितली. कळलं पाहिजे म्हणाल्या, कशाने गेली. सगिनबेक त्यांच्या अंगावर धावून गेला. पोरीला चिरणार? लग्नाच्या पोरीला? आम्ही तिला घरी आणलं. मांडवाच्या खांबांत युर्त, आपला लोकरीचा तंबू, उभारला आणि तिला आत ठेवलं. मी रीतीप्रमाणे भिंतीकडे तोंड करून मयतीची गाणी म्हणायला बसले. इतरांच्या मयतीत मी किती चांगली म्हणते असं गाव म्हणतं. माझ्या तोंडातून एक ओळ निघाली नाही.

काल पुरलं. लिहून काय होणार आहे, माहीत नाही.

२४ जुलै

अनाराही गेली. दवाखान्यात नेलंच नाही, घरीच. दोघींनाही तोच खोकला. गावात म्हणतात, यंदा नव्या नवरीमुलींनाच लागतंय, टेकाडावरचं काहीतरी उतरलंय. मुल्लाने दोन्ही घरांत कुराण वाचलं. अनाराची सासू भिंतीपलीकडून रडत होती, मी इकडून. दोघींनी एकमेकींना हाक मारली नाही.

रापिया आली होती. माझ्या गळ्यात पडून इतकी रडली की तिच्याविषयी जे जे बोलले त्याची लाज वाटली. जाताना नमद्याकडे बघत राहिली. म्हणाली, "माझ्या घरासाठी केला होता पोरीने. माझ्या घरीच असू दे. थोरल्याची तीन पोरं त्यावर लोळतील, मला वाटेल तीच घरात आहे." मी स्वतः गुंडाळून दिला. घरात ठेवला असता तर मी वेडी झाले असते.

३१ जुलै

कालिपाच्या हातावर फोड आला होता म्हणे, कोपराखाली, लाटताना खरचटलं होतं तिथेच. शोकात बाही ओढून बसायची, कुणाला दाखवला नाही. दुखत नव्हता म्हणून तिनेही मनावर घेतलं नाही. मग मधोमध कोळशासारखा काळा पडला आणि हात सुजून जड झाला, तेव्हा दवाखान्यात गेली. तिथे तीच डॉक्टरीण.

आज बाई जीप घेऊन गावात आल्या. कालिपाला काळपुळी झालीय म्हणाल्या. पेनिसिलिनच्या सुया चालू आहेत, बरी होईल. आजार मेलेल्या जनावरांतून येतो, मातीत वर्षानुवर्षं टिकतो. हात लावला तर फोड उठतो. आणि धूळ होऊन छातीत गेला तर फोड येत नाही.

त्यांनी मला एकटीला चुलीपाशी बसवलं. चहा मी केला होता, पण त्यांनीच मला ओतून दिला.

"ताई, तुम्हाला कुणी काही करणार नाही, हे मी बघेन. खरं सांगा. लोकर कुठल्या मेंढ्यांची होती?"

"घरच्या. कातरलेली."

"मेलेली एकही नव्हती?"

चहाचा कप माझ्या हातात होता. मी 'हो, मेलेल्या होत्या' म्हटलं असतं, तर मग ते मी त्या दिवशी व्हरांड्यातही म्हणू शकले असते. पेनिसिलिन काय, आमच्या तालुक्याच्या दुकानातही मिळतं. मी विचारलं, "तुम्हाला त्या दिवशी कळलं असतं तर ती जगली असती का?"

"छातीतला आजार फार वाईट असतो. जगली असती असं मी सांगू शकत नाही. पण मी वेगळं औषध दिलं असतं."

"आमच्याकडे एकही मेंढी मेली नाही," मी म्हटलं. "माझ्या लेकीच्या अंगावर एक फोड नव्हता. तिला मी न्हाऊ घातलंय. काळपुळी फोडांचा रोग आहे, तुम्हीच म्हणालात."

नमदा कुठे आहे विचारलं. तिच्याबरोबर पुरला, असं सांगितलं. त्या गेल्यावर मी त्यांचा चहाही पिऊन टाकला, का ते कळत नाही. सगिनबेक दाराआडून सगळं ऐकत होता. आम्ही आता फक्त पाणी दे, दार लाव एवढंच बोलतो.

३ ऑगस्ट

ढोरांचे अधिकारी आले, कळपातून फिरले. घराघरात विचारलं. सगळ्या गावाने एकाच तोंडाने सांगितलं, कुणाचं काही मेलं नाही. बाकीच्यांनीही लपवलं असेल का? त्यांचीही मेली असतील का? मेली असतील तर मग आमच्याच मेंढ्यांनी झालं असं कशावरून. अधिकाऱ्यांना कुंपणाचं कुणी सांगितलं नाही आणि त्यांनीही टेकाडामागे पाहिलं नाही. जेवून गेले.

१४ ऑगस्ट

व्यापारी आला. ट्रकभर मेंढ्या नेल्या, भाव चांगला दिला. लग्नासाठी ठेवलेले पैसे आता तिच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला. सगिनबेकने नोटा माझ्यापुढे ठेवल्या, मी तशाच उशीखाली सारल्या.

कालिपा घरी आली. हातावर खड्डा पडलाय, पण हात वाचला. मला बघून म्हणाली, "सैरा, ती लोकर..." मी म्हटलं, "जाऊबाई, तुम्ही जगलात, तेवढं पुरे नाही का?" ती वाईट मनाने विचारत नव्हती. मला माहीत आहे. तरी मी असं बोलले.

रोज एकच हिशोब मांडते. ती लोकर आली नसती तर. मी फडकं बांधायला लावलं असतं तर. तोंड उघडलं असतं तर. मग म्हणते, नाही, तो फोडांचा रोग. असं म्हटलं की जरा वेळ झोप लागते.

२५ ऑगस्ट

आज चाळिसावा झाला. सकाळी सगिनबेक गोठ्यातून आला. कापायला ठेवलेल्या मेंढ्यांपैकी मोठी कालपासून मान टाकून उभी आहे, चारा तोंडात धरत नाही. "मरायच्या आत कापतो. नाहीतर हरामची होईल. पोरीच्या नावाने तरी लागू दे."

तो माझ्याकडे बघत होता. पहिल्यांदाच, दवाखान्यानंतर. मी 'ही नको' म्हणावं म्हणून तो थांबला होता, असं आता वाटतं. पण ही नको म्हटलं असतं तर का नको तेही सांगावं लागलं असतं. मग त्या पाच मेल्या तेही, लोकरही, व्हरांडाही. मी म्हटलं, "कापा."

रक्त अंगणभर झालं. त्याने दोन्ही हात कोपरापर्यंत आत घातले होते. आतडी मी धुतली.

संध्याकाळी अर्धं गाव आलं. अनाराची सासूही आली, सगळ्यांच्या मागे बसली. पातेलं उतरलं तेव्हा सगळ्यांच्या आधी मी उचलून खाल्लं, सगळ्यांसमोर, चावून चावून. लोकांना वाटलं बाईला शुद्ध राहिली नाही. मला फक्त बघायचं होतं. काही व्हायचं असेल तर मला होऊ दे, आणि झालं नाही तर मी खोटं बोलले नाही.

मग सगळे जेवले. रीतीप्रमाणे उरलेलं मांस पिशव्यांत बांधून ज्याने त्याने घरच्यांसाठी नेलं. रापियाने हाडावरचा चांगला वाटा उचलला. "पोरांना देते," म्हणाली, "नमद्यावरून उठतच नाहीत मेली." मला अजून काही झालं नव्हतं. जेवून तासभरही झाला नव्हता. तिची पिशवी फाटकी होती, मी माझ्याकडची चांगली दिली आणि तिला फाटकापर्यंत सोडून आले.